घरच्या काट्याला अर्धा फेरा

वजनमापं खात्यातल्या निरीक्षकांनी बावीस वर्षांत कुणाचा खोटा काटा चालू दिला नव्हता. किराणा दुकानदार असो की भंगारवाला, कुणी दहा ग्रॅमचा काटा मारला तरी यांच्या नाकाला त्याचा वास यायचा. अशा माणसाने एका सकाळी न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं, बायकोचा वजनकाटा उलटा केला आणि त्याच्या खालचं, सुई शून्यावर आणायचं चाक अर्धा फेरा फिरवलं. (पुढचं सगळं त्या अर्ध्या फेऱ्याने झालं. दोष चाकाचा नाही.)

हेतू चांगला होता. (पकडला गेलेला प्रत्येक दुकानदारही हेच सांगतो.) बायको ग्रंथपाल. तिचा जीव की प्राण असलेला बालविभाग वरच्या मजल्यावर, चौतीस पायऱ्या चढून. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, वजन तरी उतरवा, नाहीतर तुम्ही तरी खाली उतरा. खाली म्हणजे जुन्या गॅझेटांचा विभाग. तिथे वर्षाला तीन माणसं येतात आणि त्यांतली दोन पत्ता चुकलेली असतात.

याआधी तिने दोनदा मनावर घेतलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलं होतं. दुसऱ्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून रडली. ते रडणं निरीक्षकांच्या फार जिव्हारी लागलं, कारण पथ्याच्या चौथ्याच दिवशी घरात केक घेऊन येणारे तेच होते.

या खेपेला ती एका सल्लागारबाईंच्या वर्गाला जाऊ लागली. वजन उतरवणं कोणत्या बायकांना साधतं आणि कोणत्या मध्येच सोडतात, याचा या बाई अभ्यास करत होत्या. त्यांनी दिलेली पुस्तिका निरीक्षकांनी चोरून वाचली. रागात खाता की कंटाळ्यात? एकट्या असताना जास्त की चारचौघांत? आपल्याला जमेल असं मनापासून वाटतं का? निरीक्षक चक्रावले. त्यांच्या खात्यात वजन म्हणजे वजन. मन कोणत्या पारड्यात टाकायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. शेवटी एक वाक्य तेवढं समजलं. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला, तर बायका सहसा टिकून राहतात.

फरक दिसायलाच हवा ना? मग दाखवू की!

"अहो, एक किलो उतरलं!" दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातून म्हणाली.

"अरे वा!" निरीक्षक वर्तमानपत्राआडून म्हणाले. वर्तमानपत्र उलटं होतं.

आठवड्याने त्यांनी आणखी अर्धा फेरा दिला. पण घोटाळा असा झाला की बायको खरंच उतरू लागली. रोज संध्याकाळी चालायला जायची, खाल्लेलं सगळं वहीत लिहायची, बिस्किटांचा डबा तिने शेजारणीला देऊन टाकला. (तो डबा निरीक्षकांचा होता, पण ही वेळ बोलायची नव्हती.) काट्यावरचा आकडा भराभर घसरायला लागला. तिला संशय येईल म्हणून निरीक्षकांनी चाक थोडं मागे घेतलं. दोन दिवस ती गप्प गप्प दिसली, तेव्हा परत पुढे केलं. मग एकदा घाईत चाक नेमकं कोणत्या दिशेला फिरवलं हेच त्यांना आठवेना. चौथ्या आठवड्यात अशी वेळ आली, की बायकोचं खरं वजन किती हे सांगायला जिल्ह्यातला सर्वांत अनुभवी निरीक्षक असमर्थ होता.

सहा आठवडे झाल्यावर सल्लागारबाईंच्या केंद्रात वजन झालं. बायको घरी आली ती धुमसतच.

"आपल्याकडे एकाहत्तर दाखवतो आणि तिथे पंचाहत्तर! चार किलोंचा फरक!"

"असतो गं थोडाफार," निरीक्षक म्हणाले. (ग्रॅमभर फरकासाठी त्यांनी दुकानं बंद पाडली होती.)

"थोडाफार? मी त्यांच्या काट्याची रीतसर तक्रार केलीय. तुमच्या खात्यात."

सोमवारी तक्रार त्यांच्याच टेबलावर आली. तपासणी अधिकारी म्हणून वरिष्ठांनी त्यांचंच नाव टाकलं होतं, कारण त्यांच्याइतका चोख माणूस खात्यात दुसरा नव्हता.

प्रमाणित वजनांची पेटी घेऊन ते केंद्रात पोचले, तेव्हा बायको आधीच येऊन बसलेली. सल्लागारबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या. आपल्या पापापायी या बिचारीच्या काट्यावर बालंट आलं, या विचाराने निरीक्षकांना उभं राहवेना. इकडे खरं बोलावं तर बायको पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, बालविभाग जाणार, आणि तो आपणच घालवलेला असणार. पण बावीस वर्षांची सवय जिंकली.

"बाई, तुमचा काटा खरा आहे," ते एका दमात म्हणाले. "खोटा घरचा आहे. मीच फिरवला. हिला हुरूप यावा म्हणून."

निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले.

"ते मला माहितीय," बायको म्हणाली. "आता यांचा काटा तपासा."

"माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून. वर कुणी उभं नसताना सुई शून्याच्या मागे कशी? भाजीवाल्यासमोर उभं राहून तुम्हीच मला शिकवलंय ना, आधी रिकामा काटा बघायचा म्हणून! रोज बघायची आणि तेवढं मिळवून वहीत लिहायची. इथे वजन केलं त्या दिवशी घरची सुई दोनने मागे होती. म्हणजे माझं वजन त्र्याहत्तर. मग इथे पंचाहत्तर कसं?"

निरीक्षकांनी वीस किलोंचं वजन काट्यावर ठेवलं. रिकामा असताना शून्यावर असलेल्या काट्याने बावीस दाखवले. दहाचं ठेवलं, तर बारा. म्हणजे सल्लागारबाईंचा काटा खरोखरच बिघडलेला होता, बायकोची तक्रार खरी होती, वजन अठ्ठ्याहत्तरवरून पाच किलोंनी उतरलेलं होतं, आणि या खोलीत कुणीही न मागितलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे निरीक्षकांची कबुली.

"मग तू काही बोलली का नाहीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही इतक्या हौसेने करत होतात," बायको म्हणाली. "आणि खरं सांगू? एवढा नियमाचा माणूस माझ्यासाठी न्हाणीघरात चोरासारखा शिरतो, हे बघून बरं वाटायचं."

निरीक्षकांचा जीव भांड्यात पडला. छाती दोन इंच फुगलीसुद्धा. बालविभाग वाचला होता, नोकरीही बहुधा वाचली होती. सल्लागारबाईंना आता राहवलं नाही. त्यांनी अभ्यासाचा कागद पुढे ओढला आणि पेन काढलं.

"ताई, तुमचं उदाहरण मला हवंच आहे. यशाची कारणं सांगा. रोजची वही, चालणं, निश्चय, हे झालं. घरच्या माणसाची मदत? ती कितपत झाली?"

निरीक्षक शर्टाची कॉलर सारखी करून उभे राहिले. बायकोने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि थोडा विचार केला.

"लिहा," ती म्हणाली. "मदत भरपूर झाली. तरीही वजन उतरलं."