निळ्यावरचा चिमटा

पहिल्याच पालकसभेत वर्गशिक्षिका पापासबाई म्हणाल्या होत्या, "काही खटकलं तर आधी पोराला विचारा, मग मला, मग जगाला." ऑगीच्या आईनं, ब्रॉनीनं मान डोलावली आणि घरी येईपर्यंत ती विसरूनही गेली.

सोमवारी ऑगीचा घरी राहिलेला डबा द्यायला ती वर्गात डोकावली आणि दारातच थबकली. भिंतीवर रंगांचा तक्ता होता. मजेत असेल त्यानं आपल्या नावाचा चिमटा पिवळ्यावर लावायचा, ठीक असेल त्यानं हिरव्यावर, उदास असेल त्यानं निळ्यावर. निळ्यावर एकच चिमटा होता, ऑगीचा. मंगळवारी ती मुद्दाम टोपी द्यायला गेली. चिमटा तिथंच.

विचारलं तर पोर आणखी मिटून जाईल, म्हणून तिनं त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं. पालकांच्या ग्रुपवर तिनं एवढंच टाकलं, की ऑगी जरा उदास आहे. संध्याकाळी दारात भोपळ्याच्या सुपाची पाच पातेली. बुधवारी डेव्हनपोर्टहून सासूबाई बॅगेसकट हजर. शनिवारी क्रिकेटच्या कोचनं त्याला सलामीला पाठवलं, तो शून्यावर बाद झाला आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मागून कोणी मोठा माणूस येतोय की काय, म्हणून ऑगी वळून बघत राहिला.

"मी शून्यावर आलो की आई चहासुद्धा विचारायची नाही," तिचा नवरा क्लेम सूप ढवळत म्हणाला.

"तू रोजच यायचास," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी पापासबाईंनी मायलेकांना समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "ऑगी, निळाच का रे?"

"निळा लावला की पडिंगजवळ बसायला मिळतं."

पडिंग म्हणजे उदास मुलांना बरं वाटावं म्हणून शाळेनं ठेवलेली लॅब्रडॉर. ब्रॉनीचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच हात त्याच्या कानाकडे गेला. "कुत्रीशी खेळायला खोटं बोललास?"

"खेळत नाही गं. आमच्यात कोणी उदासच नसतं. मग ती एकटीच वाचनालयात पडून असते. तिला कोण विचारणार?" मग त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "आणि तू बरी आहेस ना? आठवडाभर नुसती बघतेयस माझ्याकडे."

पापासबाईंनी एक कोरा चिमटा तिच्यापुढे सरकवला. ब्रॉनीनं तो निळ्याजवळ नेला, थोडा वेळ तिथं धरला, आणि हिरव्यावर लावला.

हल्ली ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: तुमच्याकडे सगळ्यांची विचारपूस करणारं जे कोणी असेल, त्याच्याजवळ आज जरा बसून या.