कडूबाकाकांच्या टँकरचे फॉलोअर्स

दहावीची परीक्षा संपली आणि प्रांजलीच्या आयुष्यात दोन गोष्टी निश्चित झाल्या. निकाल लागेपर्यंत तिला कुणी अभ्यास कर म्हणणार नव्हतं, आणि पाऊस पडेपर्यंत हर्सूलच्या त्यांच्या गल्लीत नळाला पाणी येणार नव्हतं. शहर चारी बाजूंनी वाढत होतं. नव्या इमारतींच्या जाहिरातींमधले पोहण्याचे तलाव काठोकाठ भरलेले होते. हर्सूलचा तलाव तेवढा रिकामा होता.

पहिल्या गोष्टीचा फायदा घेऊन प्रांजली पुण्याच्या बिभीषण सरांकडं घरबसल्या इंटर्न झाली. दुसऱ्या गोष्टीवर उपाय म्हणून दर चौथ्या दिवशी कडूबाकाकांचा टँकर यायचा.

सर म्हणजे डिजिटल मार्केटिंगचे सल्लागार. ते फक्त मोबाइलवर आणि फक्त छातीपर्यंत दिसत. मागं पुस्तकांचं भलंमोठं कपाट. एकदा सर शिंकले आणि त्यांचा डावा कान कपाटात गेला, तेव्हा ते कपाट चित्रातलं आहे हे प्रांजलीला कळलं. तिनं ते मनातच ठेवलं. महिनाअखेर सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं आणि तिनं ते आधीच साऱ्या मैत्रिणींना सांगून टाकलं होतं.

"एक स्थानिक धंदा निवड," सर म्हणाले. "लोक ज्याची मनापासून वाट बघतात असा."

विचार करायची गरजच नव्हती.

"माह्या टँकरला पेज कशाला?" कडूबाकाका म्हणाले. "त्याला चाकं हायेत की."

"काका, नुसत्या चाकांवर आजकाल कोण पोचतं?"

हे काकांना तात्काळ पटलं. ते केस विंचरून आले.

त्या गल्लीत रांगेत माणसं उभी राहत नसत, ड्रम उभे राहत. निळे, नावं रंगवलेले, साखळीनं एकमेकांना बांधलेले. प्रांजलीच्या आईचा, शीलाचा, ड्रम सातवा; शेजारच्या मेहरुन्निसा खालांचा आठवा. प्रांजलीनं या रांगेचा आणि मग धो धो पडणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ टाकला. चाळीस हजार लोकांनी बघितला. 'मातीशी जोडलेली माणसं,' असं दुबईहून कुणीतरी लिहिलं. काकांनी गॉगल घेतला.

सरांनी आकडे तपासून दुसरा धडा दिला: जिथं प्रतिसाद, तिथं सेवा. सबब, ज्या गल्लीचे लाइक जास्त त्या गल्लीत टँकर आधी. गल्ली ड्रमांवर बसून अंगठे चालवू लागली.

"पैले दुआ मांगते थे, अब लाइक मांगरे," खाला म्हणाल्या.

"माझा तर अंगठाच झिजला, खाला," शीला म्हणाली. "राशन दुकानात ठसा उमटंना."

तिसऱ्या धड्याला सरांनी आलेख दाखवला. "हे बघ. वाट बघण्याचा भाग लोक पूर्ण बघतात. पाणी पडायला लागलं की पुढं सरकतात. यावरून काय निष्कर्ष निघतो?"

"की लोकांना..." प्रांजली अडखळली.

"की पाणी ही आपल्या व्हिडिओतली त्रुटी आहे."

त्रुटी दूर करण्याची कार्यवाही टप्प्याटप्प्यानं झाली. टँकर चौथ्याऐवजी सहाव्या दिवशी आला, मग आठव्या. मग एकदा तो आला, ड्रमांपुढं हॉर्न वाजवला आणि तसाच वळून गेला. हा व्हिडिओ दोन लाखांवर गेला. काकांना एका शाळेनं बोलावलं. पाणी द्यायला नाही, भाषण द्यायला.

त्यानंतरच्या दहाव्या दिवशी सरांनी थेट प्रक्षेपण ठेवलं. भरलेला टँकर हर्सूल जेलच्या कोपऱ्यावर उभा राहणार. एक लाख लोक बघायला जमले की प्रांजलीनं निरोप द्यायचा, मगच काकांनी निघायचं. प्रमाणपत्र छापून तयार होतं, सही तेवढी बाकी होती.

अकरा वाजता सत्तर हजार झाले. शीला कमरेपर्यंत ड्रममध्ये वाकून तळाचं पाणी मगानं खरवडत होती. 'हा आवाज ऐकून मन शांत झालं,' असं कुणी लिहिलं. खालांनी पाण्यावाचून भांडी राखेनं कोरडीच घासली होती, त्यावर 'पर्यावरणपूरक' असा शेरा आला. ब्याण्णव हजार.

"कॅमेरा आईजवळ ने," सर इअरफोनमधून कानात म्हणाले.

प्रांजली जवळ गेली. शीला ड्रममधून वर आली. मगात गढूळ पाण्याचे दोन घोट होते. तिनं तो मग लेकीपुढं धरला.

"घे. सकाळपासून नुसती बोलतीस. घसा सुकला असंल."

"अप्रतिम," सर म्हणाले. "अठ्ठ्याण्णव हजार. हलू नकोस, फक्त दोन हजार राहिले."

प्रांजलीनं मगाकडं बघितलं, आईच्या ओठांकडं बघितलं आणि खालांचा बटणांचा फोन मागून घेतला.

"काका, या."

"झाले व्हय लाख?"

"झाले," प्रांजली बेधडक म्हणाली. महिनाभर मार्केटिंग शिकल्याचा एवढा उपयोग झाला.

टँकर आला. पाइप सोडला. पहिला ड्रम भरेपर्यंत चाळीस हजार लोक राहिले, चौथ्याला तीन हजार. सातव्या ड्रममध्ये पाणी पडायला लागलं तेव्हा अकरा जण. त्यातले दहा गल्लीतलेच होते, अकरावे सर.

"तू गोष्टच संपवलीस," सर म्हणाले. "प्रमाणपत्राचं विसर." आणि ते रागानं उठले ते अख्खेच्या अख्खे कपाटात गेले.

"काय म्हणत होता गं तुझा सर?" शीलानं पाण्यानं भरलेली कळशी उचलत विचारलं.

"त्यांना पाणी आवडत नाय, आई."

तर ड्रम भरले. खालांची भांडी धुऊन झाली. आता यापुढं बघण्यासारखं काही नाही. तुम्ही इथवर आलात ते टँकर येत नव्हता म्हणूनच. तो दुसऱ्याच परिच्छेदात येऊन पाणी देऊन गेला असता, तर तुम्ही केव्हाच पान उलटलं असतं.

उलटा आता. पाणी आलंय.