धुतलेली बाटली

“मी तीन पोरं वाढवलीत. एवढीशी लघवी बाटलीत धरायला काय डोंगर उचलायचाय?” असं म्हणून आजीने सुनेला ऑफिसला पिटाळलं.

नात चिमणी चार वर्षांची, ठणठणीत. बालवाडीत घालायचं म्हणून तपासणी, एवढंच. आजीने प्रयोगशाळेची बाटली वेष्टनातून काढली आणि नाक मुरडलं. किती हातांतून फिरली असेल! आजीची पोरं लहान होती तेव्हा औषधाची रिकामी बाटली घरूनच न्यावी लागे. तिची बाटली अशी लखलखायची की तपासनीस इतरांना उचलून दाखवायचा! तिने हीसुद्धा घासली, विसळली आणि चिमणीच्याच मऊ नॅपकिनने आतून कोरडी केली.

रिपोर्ट आला आणि सुनेचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. लघवीत आतड्यातले जंतू, तेही मुबलक!

“ताप? जळजळ?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“काहीच नाही हो!”

चिमणी टेबलावरून उड्या मारत होती.

“निरोगी मुलांतही कधी कधी जंतू गुपचूप राहतात. घाबरू नका. पण पुन्हा तपासू. या वेळी स्वच्छता जरा जास्त पाळा.”

जास्त? आजीला ते फार लागलं. दुसरी बाटली तिने अशी घासली की वरचे आकडे उडाले! मग नॅपकिन आत कोंबून गरागरा फिरवला.

या खेपेला जंतू तीन जातींचे निघाले!

“आई, तुम्ही नीट धरलंत ना?” सुनेने विचारलं.

“मी? मला विचारतेस?” आजी गरजली खरी, पण लगेच चिमणीच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. “आता नमुना इथेच घेऊ. यातही निघाले, तर बारीक नळी घालून घ्यावा लागेल.”

नळी! एवढ्याशा जिवाला! सून भिंतीला टेकली. आजीने चिमणीला असं आवळलं की ती ओरडली, “आजी, सोड! मी फुटेन!”

नर्सबाईंनी चिमणीला स्वच्छ धुतलं, नव्या बाटलीचं वेष्टन फाडलं आणि बाटली तशीच पुढे धरली.

“थांबा!” आजी किंचाळली. “अहो, धुवा तरी! तुमच्या आळसापायी माझ्या नातीला नळी घालतील!” तिने पिशवीतून नॅपकिन उपसला. “हा घ्या पुसायला!”

नर्सबाई थिजल्या. “आजी, बाटली जंतुरहित करूनच येते. आत बोटसुद्धा लावायचं नसतं.”

डॉक्टरीणबाई नॅपकिनकडे बघत होत्या. “हा एरवी कशाला वापरता?”

आजीने नॅपकिन पाठीमागे लपवला. चिमणीने मात्र खणखणीत उत्तर दिलं, “शी धुतल्यावर माझं बूड पुसायला!”

“रोज धुते हो मी तो!” आजी पुटपुटली. कोणी ऐकलं नाही. सून रडता रडता हसत होती.

तिसरा रिपोर्ट लख्ख आला. जंतू चिमणीचेच होते, पण तिच्या आतड्यात सुखाने नांदणारे! त्यांना बाटलीत नेऊन बसवलं होतं आजीने.

पुढे आजीच्याच तपासणीची वेळ आली. सुनेने सीलबंद बाटली हातात दिली. आणि न्हाणीघराच्या दाराशी चिमणीला पहाऱ्यावर बसवलं.

आत नळाचा आवाज आला मात्र, चिमणीने दारावर थाप मारली.

“आजी! विसळतेयस ना?”