गोचीडमुक्त गाव आणि कुशाबाईंचा टिप्या

स्वच्छतेचा उगम पाहुण्यांत आहे. पाहुणे येणार नसते तर मनुष्यजातीनं झाडूचा शोध लावला नसता, असं माझं नम्र मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात (तालुका बारामती; ओढा ओलांडला की इंदापूर) श्वान गोचीड निर्मूलन शिबिर भरलं. गोचीड कुत्र्याचं रक्त पिते, ताप देते, हे गावाला पूर्वीपासून ठाऊक होतं. ती गोठ्यात शिरली की दूध घटतं, हे कळल्यावर मात्र एकाच बैठकीत समिती झाली. अध्यक्ष हिंदुराव तात्या, सचिव मी, सदस्य अकरा. (पैकी कुत्रं पाळणारे दोन.)

कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधाच्या साठ नळ्या आल्या. पशुवैद्यक वृषाली मॅडम येणार होत्या, तालुक्याहून प्रमुख पाहुणेही. आता पाहुण्यांपुढं गोचिडी लागलेलं कुत्रं न्यायचं कसं? आदल्या दिवशी घरोघरी कुत्री धुतली गेली, चिमट्यानं एकेक गोचीड वेचली गेली. एका कुत्र्याला तर कुंकूही लावलं होतं.

तपासणीचा निकाल असा: कुत्री त्रेपन्न, गोचिडी शून्य. पाहुणे भारावले आणि त्यांनी जागेवर गाव गोचीडमुक्त जाहीर केलं. गोचिडी नाहीत तर औषध कशाला, म्हणून साठही नळ्या त्याच गाडीतून परत गेल्या. गोचिडीची अंडी भिंतीच्या फटीत असतात, असं मॅडम सांगत होत्या. पण तेवढ्यात त्यांचाच सत्कार सुरू झाला.

चोपन्नावं कुत्रं कुशाबाईंचं. त्या भेंडी तोडून थेट आल्या होत्या, आणि टिप्याच्या कानात वाटाण्याएवढ्या गोचिडी होत्या. तात्यांनी त्यांना मांडवाच्या दारातच अडवलं.

"आवं कुशाबाई, धुवून तरी आनायचं त्याला!"

"धुवून आनलं तर डाक्टरीनबाईला काय दावू?"

(हा प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा असल्यानं इतिवृत्तात घेतलेला नाही.)

पंधरा दिवसांनी टिप्यानं अन्न सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक. मॅडमनी पाहिलं आणि गोचीड ताप सांगितला. चार दिवसांत इंजेक्शन मिळालं तर वाचेल म्हणाल्या. इंजेक्शन तालुक्याहून गावाच्या मागणीवर येतं, आणि गोचीडमुक्त गावाची मागणी शून्य होती. गावात गोचीड आहे, असं समितीचं पत्र दिलं की झालं.

समितीनं विषय अत्यंत गांभीर्यानं घेतला. चार दिवसांत तीन बैठका झाल्या. अखेर ठराव मंजूर झाला, की सदर गोचीड आमची नसून ओढ्यापलीकडून, म्हणजे इंदापूर तालुक्यातून आलेली आहे. ठरावाची प्रत पलीकडच्या गावाला पाठवली. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. ते आमच्या आधी दोन महिने गोचीडमुक्त झाले होते.

चौथ्या दिवशी कुशाबाई बैठकीत येऊन उभ्या राहिल्या.

"तात्या, माजं कुत्रं मराय लागलंय. कागदावर एक गोचीड लिवा की. तुमचं काय जातंय?"

"गावाची अब्रू जातीय, कुशाबाई," तात्या म्हणाले. "वेशीवर फलक लावलाय आमी."

टिप्या त्याच संध्याकाळी गेला. मला वाईट वाटलं. शाळेत शिकवायला जाताना तो रोज माझ्या मागं ओढ्यापर्यंत यायचा. मृत्यूचं कारण लिहिणं सचिवाचं काम, म्हणून मीच लिहिलं: वृद्धापकाळ. (वय वर्षं तीन.)

आमची समिती तुम्हाला हास्यास्पद वाटली असेल. वाटू द्या. तुमच्या मोबाइलमध्ये तुमच्या कुत्र्याचे फोटो किती आहेत, हे तुम्ही चटकन सांगाल. त्याच्या कानामागं बोटं घालून शेवटचं कधी पाहिलंत? आठवत नसेल तर संकोच नको, समितीत बाराव्या सदस्याची जागा रिकामी आहे.