सासूबाईंचे सात आवाज

सासूबाईंच्या गाण्यांची सीडी जगात एकच होती. बावीस वर्षांपूर्वी स्टुडिओ भाड्याने घेऊन त्यांनी सात गाणी म्हटली होती, त्याची. ती रुमालात गुंडाळून जावयाच्या हाती देताना त्यांचा चेहरा तान्हं मूल परक्याच्या कडेवर दिल्यासारखा झाला.

"रविवारी माझ्या पासष्टीला सगळे जमणारेत आणि आमचा प्लेअर नेमका आत्ताच बसलाय," त्या म्हणाल्या. "मोबाइलवर येतील ना हो गाणी, जावईबापू?"

"आई, तुम्ही निर्धास्त राहा," जावई म्हणाला.

जावई इमारतींचे नकाशे काढायचा. अर्ध्या मिलिमीटरची चूक राहिली तरी त्याला अन्न गोड लागत नसे. रविवारी सकाळी त्याने जुन्या कॉम्प्युटरच्या ट्रेमध्ये सीडी ठेवली. प्रोग्रॅमने विचारलं, 'गाण्यांची नावं इंटरनेटवरून आणू?' त्याने 'हो' दाबलं आणि कामाला लागला.

दोन गाणी सरळ उतरली. तिसऱ्यावर ओरखडा होता. ड्राइव्ह घुमायचा, अडखळायचा, मागे जाऊन तीच जागा पुन्हा वाचायचा.

"मिक्सर लावलायस का तिकडे?" बायकोने आतून विचारलं.

"बोलू नकोस. तुझी आई अडकलीय."

त्याने सीडी मऊ फडक्याने आतून बाहेर अशी पुसली, वेग कमी केला आणि देव पाण्यात घालून बसल्यासारखा पडद्यापुढे बसला. दुपारी अडीचला सातही गाणी उतरली. एकाही जागी खरखर नाही! आनंदाच्या भरात त्याने ती अख्ख्या सासरच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'आईंचे आवाज. अगदी जसेच्या तसे.'

दोन मिनिटांत मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, तुम्ही आज घरी येणार आहात की गाव सोडून जाणार आहात?"

"का? आवाज नीट नाही आला?"

"आवाज राहू द्या. नावं वाचा."

त्याने वाचली. पहाटेचा कोंबडा. भुकेली गाढवं. घुबड, मादी. बेडकांचं भांडण. जखमी कोल्हा. डुक्कर, आनंदात. पेंगुळलेली गाय.

जावयाच्या पायाखालची जमीन सरकली. प्रोग्रॅम बिचारा गाणी ऐकत नव्हता. सीडीवर किती गाणी आहेत आणि कोणतं किती लांबीचं आहे, एवढंच मोजून तो इंटरनेटवर जोडी शोधायचा. प्राण्यांच्या आवाजांची कुठलीतरी सीडी सासूबाईंच्या मापाची निघाली होती.

त्याने ग्रुपवरून सगळं पुसून टाकलं. तेवढ्यात मामेसासऱ्यांचा निरोप आला, 'पुसू नका, मी उतरवून घेतलंय. ताईची गाढवं फार गोड आहेत.'

"चप्पल घाल," तो बायकोला म्हणाला. "आईंनी बघायच्या आत पोचायला हवं."

"आणि बघितलं असलं तर?"

"तर तू आधी आत जा."

सासर दोन गल्ल्या पलीकडे होतं. जिना चढतानाच आतून सासऱ्यांचा आवाज आला. दारातून पाहिलं, तर चष्मा सावरत, मामेसासऱ्यांचा मोबाइल डोळ्यांशी धरून ते बातम्यांच्या थाटात सांगत होते, "आता तिसरं. घुबड, मादी."

दिवाणखान्यात पंधरा-सोळा माणसं बसली होती. कुणी हसत नव्हतं, कुणी हलतही नव्हतं. गाणं लागलं. जावई दारातच थिजला. बेडूक झाले, कोल्हा झाला. डुकराच्या वेळी तर मामेसासरे डोळे मिटून मान डोलवत होते. गाय संपली आणि सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

जावई पुढे झाला. "आई, चुकलो. नावं मी दिलेली नाहीत हो, कॉम्प्युटरने दिली. आत्ता बदलतो."

"खबरदार नावांना हात लावलात तर!" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याला बाजूला ओढलं आणि आवाज खाली आणला. "बावीस वर्षं ही सीडी लावतेय मी. दुसरं गाणं आलं की कुणाला फोन येतो, कुणाला गॅस बंद केला की नाही ते आठवतं. तिसरं गाणं आजवर एकानेही ऐकलेलं नाही. आज सगळे जागच्या जागी बसले, पुढे कोण ओरडतंय म्हणून! माझा भाऊ तर आता म्हणाला, ताई, तू इतकं चांगलं गातेस हे मला माहीतच नव्हतं."

जावई मिळेल त्या खुर्चीत बसला. सासूबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"तुम्ही सातही ऐकलीत ना? मग खरं सांगा, सगळ्यात चांगलं कुठलं झालंय?"

जावयाने दोन घोट घेतले. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"डुक्कर, आई."

"मलाही तेच वाटतं," सासूबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याला डुक्कर पुन्हा लावायला सांगून जावयाच्या शेजारीच खुर्ची ओढून बसल्या.