डॉक्टरांची सातवी करवत

"तोंड असंच उघडं ठेवा, दोन मिनिटांत आलो," असं खुर्चीतल्या गृहस्थांना सांगून दातांचे डॉक्टर मागच्या खोलीत गेले. हिरडी बधिर व्हायला थोडा वेळ लागणारच होता. तेवढ्यात जुन्या चेनसॉची, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या करवतीची, दोरी एकदा ओढून बघावी, एवढाच त्यांचा हेतू. करवत सुरू झाली नाही, पण घर हादरेल असा एक बार मात्र निघाला. डॉक्टर परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. गृहस्थ गळ्यातल्या कागदी रुमालासकट रस्त्याच्या टोकाला पोचले होते आणि तोंड, सांगितल्याप्रमाणे, उघडंच होतं.

दवाखान्याचा फोन, वही आणि पेशंटांची समजूत ही तिन्ही खाती डॉक्टरांच्या बायकोकडे होती. ती तडक मागच्या खोलीत आली. तिथे फळीवर सात जुन्या चेनसॉ ओळीने मांडलेल्या होत्या. वखारी बंद पडतात, बागवाले म्हातारे होतात आणि त्यांनी टाकलेल्या करवती डॉक्टर मोठ्या मायेने घरी आणतात, खोलतात, घासूनपुसून लख्ख करतात. सहा वर्षांत त्यांतली एकही सुरू झाली नव्हती.

"अहो, हा तिसरा पेशंट पळाला."

"बार निघाला म्हणजे ठिणगी पडतेय! चांगलं लक्षण आहे."

"कोणाच्या दृष्टीने? हे बघा, रविवारी बारा वाजेपर्यंत यातली एक तरी सुरू करा आणि अंगणात आडवं पडलेलं ते झाड कापून दाखवा. नाहीतर सातही भंगारात. माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोय."

डॉक्टरांनी फळीवरून एकवार नजर फिरवली. दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकणाऱ्या माणसाला जगात ही एकच खोली होती, जिथे समोरचा ओरडत नाही. ती गेली तर उरलं काय? पण माघार घेणाऱ्यांतले ते नव्हते.

"रविवारी बारा काय, पावणेबारालाच बघ," ते म्हणाले.

बार निघतो तो ठिणगी अवेळी पडते म्हणून, आणि ठिणगी अवेळी पडते ती इंजिनावरचं चाक सरकलंय म्हणून, हे त्यांनी शुक्रवारी शोधून काढलं. चाक काढायचं तर नट सोडवायला हवा, आणि नट फिरवला की चाकही त्याच्यासोबत फिरतं. यावर कारागिरांची एक युक्ती आहे. स्पार्क प्लग काढायचा आणि त्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी सारायची, म्हणजे पिस्टन अडतो आणि नट मुकाट सुटतो. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचा चांगला हातभर तुकडा कापून आणला. पाच धुतलेल्या चादरी अंगणातल्या मातीवर आल्या.

खरं तर दोरीचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवायचं असतं. पण वीस वर्षं किडक्या दातांत कापूस ठासलेल्या हाताला ते लोंबतं टोक बघवेना. त्यांनी चिमट्याने सगळी दोरी आत नीट दाबून बसवली. मग नट सोडवला, चाक जागेवर बसवलं आणि समाधानाने वरून प्लग घट्ट आवळून टाकला.

रविवारी अकरा वाजता त्यांनी करवत अंगणात आणली. स्टार्टरची दोरी ओढली. ती वीतभर आली आणि अडली. परत ओढली. परत वीतभर.

"पिस्टन जाम झालाय," डॉक्टर पुटपुटले. त्यांनी तेल सोडलं, ठोकलं, चुचकारलं. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात मेहुणा टेम्पो घेऊन अर्धा तास आधीच हजर झाला.

"सरका दाजी. याला ताकद लागते."

"अरे, हळू..."

मेहुण्याने पाय रोवून जो हिसका दिला, त्यासरशी दोरी तुटली आणि तो चादरी भिजवलेल्या टबात जाऊन बसला.

"बघा," तो तिथूनच म्हणाला, "लावला की नाही निकाल?"

अकरा पस्तीस झाले होते. स्टार्टरला दुसरी दोरी हवी. डॉक्टर कात्री घेऊन कपड्यांच्या दोरीकडे धावले, तर बायको आडवी आली.

"खबरदार! परवाच एक तुकडा नेलात. आधी तो कुठे गेला ते सांगा."

"तो? तो तर मी..." डॉक्टर थांबले. कात्री हवेतच राहिली. "अरे देवा! तो आत आहे!"

मग दवाखान्यातला दिवा आला, छोटा आरसा आला, चिमटे आले. प्लग निघाला. डॉक्टर भोकात डोकावून एकेक पीळ सोडवू लागले.

"तिला दुखणार नाही ना हो?" टबातून उठत मेहुणा म्हणाला.

अकरा पन्नासला हातभर तेलकट दोरी बाहेर आली. डॉक्टरांनी तीच स्टार्टरला बांधली आणि तिसऱ्या ओढीला करवत अशी गरजली की मेहुणा टेम्पोमागे गेला. बाराला एक मिनिट कमी असताना पहिला ओंडका धपकन खाली पडला. डॉक्टरांना रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. बायकोने स्वतः चहा करून आणला.

सोमवारी बाहेरची बाकं भरून गेली.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी पहिल्याला विचारलं.

"फांदी, डॉक्टर. खिडकीत घुसलीय."

दुसऱ्याला कुंपणाचे खांब कापून हवे होते, तिसऱ्या बाईंचं टेबल एका पायाने उंच होतं. मेहुण्याने तर टेम्पोत जागाच करून ठेवली होती, करवतीला आणि दाजींना. तीन आठवडे डॉक्टर दुपारभर लाकडं कापत हिंडले. हात इतके थरथरू लागले की दाताला ड्रिल लावायची सोय राहिली नाही. बायको फोनवर पेशंटांना पुढच्या तारखा देऊन थकली. मागच्या खोलीत सहा करवतींवर धुळीचा थर बसला.

एका दुपारी ती तिथे आली. डॉक्टर खांदा चोळत फळीकडे नुसते बघत बसले होते. तिला अगदी भरून आलं.

"अहो, ती बिघडवता का परत?"

"बिघडवू?" डॉक्टर ताठ झाले. "सहा वर्षं घालवलीत मी. हे पाप माझ्या हातून व्हायचं नाही."

"बरं, राहिलं." मग तिने पाना उचलला आणि त्यांच्या हातात ठेवला. "असं करा, दुरुस्तीला घ्या."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "तशी ती हल्ली पेट्रोल जरा जास्त पितेय," ते म्हणाले, "म्हणजे पूर्ण खोलावीच लागेल."

बायको बाहेर गेली आणि बाकांवरच्या मंडळींना म्हणाली, "करवत डॉक्टरांनी स्वतः दुरुस्तीला घेतलीय. आता वर्षभर तरी विचारू नका."