पॉइंट नारळाचा, सही वाल्मीकची

जमिनीच्या पोटात काय आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नसते, आणि जे कोणालाच नक्की ठाऊक नसते त्यात पदवी देता येते, हे विद्यापीठांच्या फार पूर्वीच लक्षात आले होते. नव्वदच्या दशकात त्यापुढचा शोध लागला. अशा विषयात दोन पदव्याही देता येतात.

या शोधाचा लाभ घेणाऱ्या पहिल्या तुकडीत वाल्मीक होता. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला लागून, त्याचे वडील पुंजानाना यांचा शेवंती, झेंडू आणि मेथी-कोथिंबिरीचा मळा. घराण्यात जमिनीशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण तो वरच्या वीतभर थराशी. त्याखाली जाणारा वाल्मीक पहिलाच.

‘भूविज्ञान व भूभौतिकी दुहेरी पदवी अभ्यासक्रम’ पाच वर्षांचा होता. त्यात बारा छोट्या सहली, एक मोठी सहल आणि एक हातोडा होता. (हातोडा विद्यार्थ्याने स्वतःचा आणायचा होता.) दोन्ही विभाग एकाच इमारतीत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. भूविज्ञानाचे प्राध्यापक दगड फोडून, भिंगातून बघून, प्रसंगी चाटून सांगत की खाली काय असेल. भूभौतिकीचे प्राध्यापक दगडाला हात लावणे कमीपणाचे मानत. ते जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकत, त्यांतून वीज सोडत, आकडे मांडत आणि मग सांगत की खाली काय असेल. दोघांची उत्तरे जुळत नसत. एकच प्रश्न दोन्ही पेपरांना येई आणि सकाळी बरोबर असलेले उत्तर दुपारी चूक ठरे. दोन्ही वेळा जो मनापासून लिहू शके त्याला प्रथम वर्ग मिळे. वाल्मीकला तो दोन्हीकडे मिळाला.

शहाण्णव साली तो घरी परतला तेव्हा मळ्यात सत्कार झाला. फुले घरचीच होती. पुंजानानांनी दोन्ही प्रमाणपत्रे उलटसुलट करून पाहिली आणि सगळ्या गावाच्या मनातला प्रश्न विचारला.

“मंग आता तुला खालचं पानी दिसतं का?”

“दिसत नाही नाना. मोजता येतं.”

“म्हंजी दिसत नाय,” नाना म्हणाले आणि प्रमाणपत्रे ट्रंकेत ठेवायला देऊन मेथी काढायला गेले.

नानांचे चुकले असे म्हणता येणार नाही, कारण ज्याला पाणी दिसते असा माणूस गावात आधीपासूनच होता. धोंडीराम पायाळू होता. आईच्या पोटातून ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याला जमिनीखालचे पाणी कळते, ही पात्रता परिसरात सर्वमान्य आहे. तिला प्रवेश परीक्षा नाही, अंतर्गत गुण नाहीत, एटीकेटी नाही. उमेदवार जन्मतःच उत्तीर्ण असतो. धोंडीराम तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालत जाई. जिथे नारळ शेंडी वर करून उभा राही तिथे चुन्याची फुली मारायची. त्या फुलीला पॉइंट म्हणत. पंचवीस वर्षांत त्याने पंचक्रोशीतील बहुतेक बोअरचे पॉइंट दिले होते आणि नारळाव्यतिरिक्त कोणतेही साधन वापरले नव्हते. (नारळ शेतमालकाने आणायचा. काम झाल्यावर धोंडीराम तो घरी नेई, कारण वापरलेल्या साधनात शक्ती शिल्लक राहते.)

वाल्मीक स्वतः डोक्याकडून जन्माला आला होता. आई सगुणाबाईंना याची कायम खंत वाटे. “उलटा आला असता ना बाळा,” त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तर पाच वर्सं परगावी राहायची गरज नव्हती.”

सुदैवाने शासनव्यवहारात जन्माच्या दिशेला अजून मान्यता नाही. बोअरच्या मंजुरीसाठी एक नमुना भरावा लागे आणि त्याखाली दोन सह्या लागत, एक भूवैज्ञानिकाची, दुसरी भूभौतिकतज्ज्ञाची. पूर्वी ही दोन माणसे असत. त्यांचे एकमत होत नसे आणि फायली पिवळ्या पडत. वाल्मीकची ही मंजुरी देणाऱ्या कार्यालयात नेमणूक झाली आणि एकाच खुर्चीत दोन्ही तज्ज्ञ बसू लागले. कामाला गती आली. फक्त पहिल्याच महिन्यात वरून शेरा आला: ‘दोन्ही अभिप्राय एकाच शाईत व एकाच हस्ताक्षरात आहेत. ते परस्परांपासून स्वतंत्र असल्याची खात्री करावी.’ तेव्हापासून वाल्मीक भूविज्ञानाची सही निळ्या शाईने करी, चहा घेऊन येई आणि भूभौतिकीची सही काळ्या शाईने करी. एकदा त्याचे स्वतःशी मतभेद झाले. कार्यालयाने त्याच्याकडून त्याचाच लेखी खुलासा मागवला आणि त्याने तो मुदतीत सादर केला.

पद्धत अशी होती. शेतकरी आधी धोंडीरामला नेई. फुली पडे. मग फुली पडलेल्या जागेचा दाखला घ्यायला तो वाल्मीककडे येई. वाल्मीक सुरुवातीला यंत्र घेऊन शेतावर जाई, चारी खुंट्या ठोके, दोन दिवस आलेख काढी आणि सांगे की पॉइंट चाळीस पावले अलीकडे घ्या. शेतकरी आदराने ऐकून घेई, चहा पाजी आणि बोअर फुलीवरच घेई. पुढे पुढे लोकांनी यंत्राला शेतात येऊ देणेच बंद केले. एकाच्या बोअरला धूळ निघाली होती, आणि त्याचे कारण गावाने एकमताने ठरवले होते: वाल्मीकने जमिनीत करंट सोडला म्हणून झरा दचकला आणि शेजारच्या शेतात गेला. (शेजाऱ्याच्याही बोअरला धूळच निघाली. झरा तिथून आणखी पुढे गेला असावा.)

शहाण्णव ते दोन हजार दोन या काळात वाल्मीकने चारशे बारा पॉइंट प्रमाणित केले. त्यांपैकी त्याने स्वतः शोधलेले: शून्य. पाणी लागले तर ते धोंडीरामच्या पायांमुळे लागे, नाही लागले तर सही वाल्मीकची असे. वाल्मीकला पगार वेळेवर मिळे, गावात त्याला साहेब म्हणत, आणि त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी एकदा, एकच बोअर, त्याच्या पॉइंटवर घ्यावा. ही इच्छा त्याने कोणाला सांगितली नव्हती, कारण दोन पदव्या असलेल्या माणसाने असले काही मागणे बरे दिसत नाही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पुंजानानांच्या विहिरीने तळ दाखवला. शेवंतीची रोपे टँकरच्या पाण्यावर जेमतेम तग धरून होती. बोअर घ्यायचे ठरले. बोअर खोदणारी गाडी एकदाच येणार होती, तिचे वेळापत्रक भरलेले होते आणि दुसऱ्यांदा खोदायची सोय नव्हती. पहिल्या बोअरला पाणी लागले नाही तर शेवंती जाणार होती आणि बहुधा मळाही.

वाल्मीकने रजा टाकली. चार दिवस तो घरच्या शेतात हातोडा घेऊन हिंडला, नाल्याच्या काठचे दगड फोडले, नाना बाजारात गेले की खुंट्या ठोकून आकडे घेतले. पाचव्या दिवशी एक अभूतपूर्व गोष्ट घडली. भूविज्ञान आणि भूभौतिकी यांचे एकमत झाले. नाल्याच्या वळणावर, करंजाच्या झाडापासून पंधरा पावलांवर, कातळाला मोठी भेग होती आणि तिच्यात पाणी असणार होते. वाल्मीकने आलेख तीनदा तपासला. त्याला इतका आनंद कोणत्याही निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

“नाना, इथं घ्या,” तो जागेवर उभा राहून म्हणाला. “मी शब्द देतो.”

नानांनी नाल्याकडे पाहिले, मग मुलाकडे. “तू सही कर बाबा. पॉइंट धोंडीराम देईन. एकच चान्स हाये.”

“दोन पदव्या कशाला घेतल्या मग मी?”

“नोकरीसाठी,” नाना म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

वाल्मीकला वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली. पण शेवंती समोर माना टाकत होती. तो चहाची वेळ बघून धोंडीरामच्या घरी गेला आणि सगळे सरळ सांगितले. भेग कुठे आहे, किती फुटांवर आहे, नाना का ऐकत नाहीत. धोंडीरामने बशीतला चहा संपवला.

“साहेब, तुमचं करंजापासून किती पावलं?”

“पंधरा.”

“नाल्याच्या अंगानं का बांधाच्या?”

“नाल्याच्या.”

“बरं.” त्याने बशी खाली ठेवली. “आता तुम्हाला म्हनून सांगतो. नारळ कुटं उभा करायचा ह्येचं मला लय टेन्शन राहतं. रात्रभर डोळा लागत नाय. मानसं आशेनं बघत असत्यात. तुम्ही आधी का नाय आले?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी वस्ती जमली. धोंडीराम नारळ घेऊन निघाला. लोकांना शंका येऊ नये म्हणून तो आधी बांधाकडे गेला, गोठ्याला वळसा घातला, कांद्याच्या वाफ्यात थोडा थरथरला. मग नाल्याच्या वळणावर, करंजापासून मोजून पंधराव्या पावलावर, नारळ ताडकन उभा राहिला. सगुणाबाईंनी हात जोडले. वाल्मीकने मान खाली घालून निळी सही केली, चहा घेतला आणि काळी सही केली.

एकशे पंचावन्न फुटांवर पाणी लागले. अडीच इंची धार. चिखलाचा फवारा उडाला तेव्हा पुंजानाना त्यात उभेच राहिले, आणि मग भिजलेल्या अंगाने चालत जाऊन धोंडीरामच्या पाया पडले. वाल्मीक चार पावलांवर उभा होता. त्याच्या आयुष्यातला पहिला पॉइंट खरा ठरला होता आणि ते माहीत असलेला दुसरा माणूस त्याच्या बापाच्या खांद्यांना धरून त्याला उठवत होता.

“बघितलं का?” नाना परत येऊन मुलाला म्हणाले. आवाजात रागाचा लवलेश नव्हता, मायाच होती. “शिक्षनाला कमी लेखत नाय मी. पन त्येला दिसतं रे.”

वाल्मीक हो म्हणाला. करंजाच्या आडोशाला जाऊन तो थोडा वेळ रडला, आणि मग पाण्याचा पाट वळवायला गेला.

तेव्हापासून जिल्ह्यातील बोअरच्या यशाचे प्रमाण वाढले. वाल्मीक आदल्या दिवशी ‘जमिनीचा पोत बघायला’ जाई, दुसऱ्या दिवशी नारळ उभा राही. धोंडीरामला नीट झोप लागू लागली. त्याची कीर्ती सटाण्यापर्यंत गेली आणि एका समारंभात त्याला शाल मिळाली. प्रमुख पाहुणे वाल्मीक होते. विषय होता ‘पारंपरिक ज्ञान व आधुनिक विज्ञान: एक तौलनिक अभ्यास’. वाल्मीकने पारंपरिक ज्ञानाच्या बाजूने मुद्देसूद भाषण केले.

हे सगळे वाचून सुशिक्षित वाचकाला खेड्यातल्या भाबड्या माणसांची गंमत वाटली असेल. वाटावीच. आता राहिले दोन हजार सातचे, गंगापूर रोडवरच्या त्या नव्या सोसायटीचे. अठ्ठावीस फ्लॅट, अकरा इंजिनियर, चार डॉक्टर, विज्ञानाचे दोन निवृत्त प्राध्यापक. धोंडीरामला त्या आठवड्यात ताप होता, म्हणून वाल्मीक एकटाच यंत्र घेऊन गेला, मोजमाप केले आणि पार्किंगच्या कोपऱ्यात पॉइंट दिला. सभासदांनी आलेख पाहिला, समजल्यासारख्या माना हलवल्या आणि बैठक घेतली. ठराव असा झाला की, श्रद्धेचा प्रश्न नाही, पण एकदा नारळवाल्यालाही दाखवून घ्यावे, त्यात आपले काय जाते. तापातल्या धोंडीरामला रिक्षाने आणले. त्या दिवशीचा फोटो अजून सोसायटीच्या ऑफिसात लावलेला आहे. त्यात वाल्मीक दिसत नाही, तो खुंट्या गोळा करत होता. धोंडीराम मधोमध आहे. आणि त्याच्या डाव्या हाताला, चपला बाजूला काढून, डोक्यावर रुमाल टाकून, राखीव नारळ दोन्ही हातांत धरून उभे आहात ते तुम्ही.